हाडाला भार कळतो तेव्हा

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अ. आ.

शिडीवरून पडून माझं नडगीचं हाड मोडलं आणि आत सळी बसवली, हे तुझ्या बाबांनी सांगितलंच असेल. आता डॉक्टर म्हणतात, पायावर भार द्या, चाला. मोडक्या खुर्चीवर कुणी बसतं का? व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिला मी गोड बोलून वाटेला लावते. शिवणाचं दुकान बंद, गिऱ्हाइकं दाराशी येऊन परत जातात. तू दिवसभर भिंगातून पेशी बघतेस ना? मग सांग, भार दिल्यानं हाड जुळतं कसं? उगाच समजूत काढू नकोस.

लोभ आहेच, पण उत्तर आधी धाड.

तुझी हट्टी आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं पत्र प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचलं. खुर्चीला सगळे हसले.

आत्या, खुर्चीत जीव नसतो, हाडात असतो. त्याच्या बारीक पोकळ्यांत पेशी एकमेकींपर्यंत हात पसरून बसलेल्या असतात, भोवती पाणी असतं. तू पाऊल टाकलंस की हाड अगदी कणभर वाकतं, पाणी सरकतं आणि ते त्यांना जाणवतं. मग इथे बांधकाम हवं, असा निरोप जातो. पडून राहिलं तर निरोपच नाही, उलट हाड झिजतं. नुसतं दाबून धरूनही फारसं भागत नाही. दाब यावा, जावा. म्हणजे चालणंच!

काल मी काचेच्या बशीत वाढवलेल्या हाडाच्या पेशींवरून पाण्याचा हलका प्रवाह सोडला, तर एकेक करून सगळ्या उजळल्या; जाणवलं की चमकेल असा रंग त्यांच्यात आधीच घातलेला असतो. मी ताडकन उठलेच. पण बशी म्हणजे तुझा पाय नव्हे. भार किती द्यायचा, ते डॉक्टरांनाच विचार.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

विचारलं. त्यांनी वजनकाट्यावर पाय ठेवायला लावून निम्म्या भारापासून सुरुवात करून दिली. पहिल्या पावलाला मी त्या मुलीचा हात इतका आवळला की तीच कळवळली. दुखलं, पण पाय टिकला. कालच्या फोटोत मोडल्या जागी पांढुरकी साय धरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, हेच नवं हाड. मी तो फोटो खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत बसले. दुकान उघडलंय.

पण पेशीला ना डोळे, ना कान. पाणी सरकलेलं तिच्या कशाला कळतं? ते उजळणं मला बघायचंय. तुमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, असं म्हणून तुझ्या बाबांनी मला घाबरवून पाहिलं. कुठला दिवस सोयीचा ते कळव. कठड्याला धरून चढेन.

माया आहे तशीच असू दे.

तुझी आत्या