गुळाची बाधा

कळसाडी,
बुधवार, ता. ९ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप कौसामाय यांना,
प्रमिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचा खोकला थांबला का? आमची ऊसतोड आटोपत आली, गुऱ्हाळ चालू आहे. आधीच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही. तुमची लेक सरला जाऊन चार महिने होत नाहीत तोच मी या घरात आले, त्याचा राग असणार. तुमच्या जागी मी असते तर मीही रागावले असते. पण हे पत्र नवल मास्तरांकडून शेवटपर्यंत वाचून घ्या. जमनीबद्दल आहे.

तुमची नात जमनी सात वर्षांची, पण जेवणाचे नखरे सत्तर वर्षांच्या सासऱ्यासारखे. मी आले तेव्हापासून बघते आहे, आज वरण नको, उद्या भात नको, परवा शेंगदाण्याची चटणी नको. एक घास खायचा, डोळे मिटून चव घ्यायची आणि ताट सारायचं. मला वाटायचं, सावत्र आईच्या हातचं आहे म्हणून नको असेल. आता अंगावर नुसती हाडं राहिली आहेत. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, "रोग काही नाही. चार ठिकाणी फिरवा, नवीन नवीन खाऊ घाला, म्हणजे जीभ सुटेल." म्हणून यांनी गुऱ्हाळ भावावर सोपवलं आणि आम्ही तिघं आठ दिवसांसाठी सुरतेला निघालो.

सुरतेचं नाव ऐकताच पोरगी नाचायला लागली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

नंदुरबारला आगगाडीला वेळ होता. स्टेशनाबाहेर युसुफमियांच्या भट्टीतून ताज्या नानकटाया निघत होत्या. यांची पाठ वळल्यावर मी एक घेतली आणि तिच्या हातावर ठेवली. तुम्हाला आवडणार नाही, पण पोर खाईना तेव्हा मी जातपात कुठे बघत बसू? तिने एक तुकडा खाल्ला आणि तिचा चेहरा असा फुलला, की युसुफमिया हसून आणखी दोन द्यायला लागले. तर म्हणाली, "नको माले." पुन्हा म्हणून तोंड लावलं नाही.

सुरतेतही तेच. काठेवाड्याच्या खाणावळीत बाजरीचा रोटला आणि वांग्याचं भरीत. मारवाड्याची कचोरी. शेव घालून कोवळ्या ज्वारीचा पोंक, आपल्या हुरड्यासारखाच. डुमसला समुद्र दाखवला, तिथे गरम भजी. प्रत्येक पदार्थाचा एक घास अगदी खुशीत, दुसरा नाही. आणि सगळा वेळ रस्त्याने जाणाऱ्या बायकांची तोंडं न्याहाळायची. शेवटच्या दिवशी तुपात निथळणारी माव्याची घारी आणली. ती जिभेवर ठेवून पोर चक्क हसली आणि उरलेली माझ्या हातात परत दिली.

कौसामाय, मी तिला मारलं. भर खाणावळीत, सगळ्यांसमोर, गालावर. ती रडली नाही. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

परतीच्या गाडीत ती बोटं मोजत बसली होती. मी विचारलं, "काय मोजी ऱ्हायनी?"

"सोडी दिधं ते," ती म्हणाली. "घारी सगळ्यास्मा ग्वाड व्हती. ती सोडी दिधी, आते माय येई. मोठी मायनी सांगेल शे."

मग विचारत गेले तेव्हा कळलं. आषाढात सरलाबाईंना सुरतेच्या दवाखान्यात नेलं, त्या दिवशी तुम्ही जमनीला देवीपुढे उभं करून बाधा दिली होती, की माय बरी होऊन घरी येईपर्यंत गुळाला शिवायचं नाही. आपल्या घरांत लेकरांनाही देतात, त्यात तुमची चूक नव्हती. सरलाबाई तिकडेच गेल्या. पोरीला मात्र सगळे "माय सुरतेला आहे" असंच सांगत राहिले, आणि बाधा सोडवायची कुणालाच आठवण राहिली नाही. एका गुळाने माय येईना, म्हणून तिने आपल्या मनानेच एकेक आवडीची वस्तू सोडत नेली. आम्ही तिला सात नवे पदार्थ चाखवले, म्हणजे सोडायला सात पदार्थ आणून दिले. हे तिच्या वडिलांनीही ऐकलं. घरी आल्यापासून ते गुऱ्हाळावरच असतात.

शेवटी मीच तिला जवळ घेऊन सांगितलं, की तुझी माय आता नाही. ते नीट ऐकून घेतलं तिने, आणि म्हणाली, "तुले काय मालूम? तू तं आते उनी." खरंच, मी या घरात आत्ताच तर आले.

मला दुसरं काही सुचेना. परवा सोमवारी मीही देवीपुढे उभी राहिले आणि जमनी पोटभर जेवेपर्यंत मीठ सोडलं. तिने माझं अळणी जेवण बरोबर ओळखलं.

"कोनसाठे सोडं?"

"तुन्हासाठे."

ती एरवी माझ्याशी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी थोडा विचार करून, मोठ्या बाईसारखी मला समजावत म्हणाली, "मीठ सोडीसन काही व्हत नही. भाकर सोडनी पडस."

तिचं ताट तर रिकामं दिसलं होतं, म्हणून मी जाऊन म्हशीची गव्हाण पाहिली. तिच्या ताटातल्या भाकरी तिथे पडल्या होत्या. सगळं सोडून तेवढी एक भाकर तिच्याकडे उरली होती. सोमवारपासून ती नुसतं पाणी पिते.

ज्याने बाधा दिली त्यानेच सोडवायची, ही आपली रीत. म्हणून आमचा गडी करणसिंग याच्या हाती हे पत्र आणि बैलगाडी पाठवते. तापीला उतार आहे. राग घेऊन आलात तरी चालेल, पण या. येताना गुळाचा एक खडा आणा आणि तुमच्या हाताने तिला भरवा. तुमचं तरी ती ऐकेल, अशी मला फारशी आशा नाही. पण माझ्याजवळ आता दुसरं काही उरलेलं नाही.

एवढं लिहून होतंय तोच करणसिंगने बैल जुंपले. रिकामी गाडी पाहून जमनी फणी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "वेणी घाल. माय ई ऱ्हायनी." मी म्हटलं, रनाळ्याहून मोठी माय येते आहे. तर म्हणाली, "मोठी माय तिले संगे लई येई. भाकर सोडी दिधी ना मी."

मी वेणी घातली. माझ्या हाताने तिने पहिल्यांदाच घालून घेतली. आता ती ओट्यावर वाटेकडे तोंड करून बसली आहे, आणि तिला तिथून उठवायला माझं मन धजत नाही.

तुमच्या नातीची कुणीच न झालेली,
प्रमिला