अकराशे अकरा रोपं आणि एक बोर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाल्यावर अशा नोंदी उपयोगी पडतात, म्हणून आधीच सुरुवात.

आज एमडी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गेली सतरा वर्षं मी कंपनीच्या वजनकाट्यावर आहे. भंगाराचे ट्रक येतात, मोजतो. सळईचे ट्रक जातात, मोजतो. ऊन, धूळ, हॉर्न. पण २६ जानेवारीला माझं भाषण झालं. (चाळीस मिनिटं. दोघांना चक्कर आली, पण ते उन्हामुळे.) साहेबांच्या ते लक्षात राहिलं. आमचा सीएसआरचा माणूस नोकरी सोडून गेलाय. साहेब म्हणाले, देऊळगावकर, ३१ मार्चपर्यंत तुम्ही बघा. समाजासाठीचा पैसा वर्ष संपायच्या आत खर्च झाला पाहिजे. काम चांगलं झालं तर तुम्ही कायमचे सीएसआर हेड, एसी केबिनसकट. नाही तर काटा आहेच.

'नाही तर'पासून पुढे मी विशेष लक्ष दिलं नाही.

शरयूला सांगितलं. ती कन्याशाळेत गणित शिकवते. म्हणाली, करायचं काय असतं नेमकं? म्हटलं, समाजाचं भलं. म्हणाली, समाजाला विचारलंय का? गणितवाल्यांना व्हिजन नसते.

संकल्प: रोज पाच किमी चालणे. रोज दहा इंग्रजी शब्द. गेटमधून जाताना काट्याकडे न बघणे.

५ फेब्रुवारी.
चाललो नाही. गुडघा. शब्द झाले तीन: सस्टेनेबल, स्टेकहोल्डर, इम्पॅक्ट. तीनच, पण वजनदार.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
केदारखेड्याला जाऊन आलो. कंपनीची गाडी, एसी चालू. सोबत परचेसचा सुयश. पुण्याहून एमबीए करून आलेला, वय सव्वीस, कमी बोलतो. मुद्दे नसतील.

आधी शाळा बघितली. तिथे हात धुवायच्या चार टाक्या आहेत, चार कंपन्यांच्या. चारींवर चार बोर्ड. पाणी एकीतही नाही. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, काहीही द्या पण दप्तरं देऊ नका, पोरांपेक्षा दप्तरं जास्त झालीत. शाळेचं क्षेत्र संपृक्त आहे.

मग सरपंच बद्रीनाथ गायरानाकडे घेऊन गेले. गावच्या जनावरांना चरायला ठेवलेली जमीन. रस्त्याकडेचा तीन एकराचा तुकडा बघताक्षणी मनात भरला. पूर्ण मोकळा! एक झाड नाही! तिथेच नीड असेसमेंट, म्हणजे गरजेची पाहणी, केली. ऊन असल्याने गाडीतूनच, काच खाली करून. एक बाई ऐंशी-एक मेंढरं घेऊन उभी होती, वच्छलाबाई. तिचा नवरा सांडू रस्त्यापल्याडच्या बाभळीखाली बसलेला. विचारलं, काय पाहिजे गावाला? ती म्हणाली, साहेब, दुसरं काई न्हाई, मेंढरांला पाण्याचा एक हौद बांधून द्या. विहीर नाल्यापल्याड हाय, रोज पोहऱ्यानं ओढून ओढून माझे खांदे गेले.

हौद! कंपनीच्या ब्रोशरमध्ये हौद कसा दिसेल? लोकांना स्वतःची गरज कळत नाही, म्हणून तर माझ्यासारखी माणसं लागतात. सुयशने हौदाची वहीत नोंद केली. नवीन आहे.

ठरलं. इथे जंगल करायचं. अकराशे अकरा रोपं. नाव: 'हरित संकल्प'.

१८ फेब्रुवारी.
नर्सरीत ऑर्डर दिली. मार्चमध्ये लावणार म्हटल्यावर नर्सरीवाला हसला. बराच वेळ हसला. म्हणाला, साहेब, जूनमध्ये या. त्याला समजावलं की आर्थिक वर्ष पावसावर चालत नाही. पैसे ॲडव्हान्स घेतले त्याने आणि मग हसायचा थांबला.

शब्द: बायोडायव्हर्सिटी. (एकच, पण लांब आहे.)

२७ फेब्रुवारी.
तारेचं कुंपण पूर्ण. गेट, कुलूप. चावी माझ्याकडे. वच्छलाबाईची तक्रार की विहिरीला जायची वाट कुंपणात गेली, आता मेंढरांना दीड कोस वळसा पडतो. म्हणाली, जनावर उन्हात वळसा घालून राह्यलं, गाभ टाकून राह्यल्या मेंढ्या, झाडं मंग कोणासाठी लावून राह्यले तुमी? तिला सांगितलं की दहा वर्षांनी इथे सावली होईल. ती म्हणाली, मेंढरू दहा वर्सं जगत न्हाई. आकडेवारी तपासावी लागेल.

७ मार्च.
रोपांना पाणी द्यायला टँकर येणार, तो रिकामा करायला काहीतरी हवं. सुयश म्हणाला, रस्त्याच्या बाजूने कुंपणाबाहेर विटा-सिमेंटची टाकी बांधू. चार फूट उंच. मंजूर केलं. किरकोळ गोष्टीत मी लक्ष घालत नाही.

माझं लक्ष बोर्डावर. बारा बाय आठ फूट. लोखंडी पट्टी, अँगल, सगळं आपल्याच कंपनीचं. वर कंपनीचं नाव, मध्ये साहेबांचा हसरा फोटो, खाली 'संकल्पना: भालचंद्र देऊळगावकर'. आधी अक्षरं दोन इंची सांगितली होती. रंगाऱ्याला फोन करून चार केली. लांबून वाचता आलं पाहिजे.

१५ मार्च, शनिवार.
अडचण, पण वेळीच सोडवली. बोर्डापुढे साहेब जमिनीवर उभे राहिले तर फोटोत त्यांचं डोकं बोर्डाच्या खाली येतं. चौथरा हवा. विटा नव्हत्या. टाकीसाठी आणलेल्या घेतल्या. चौथरा झकास झाला, पाच पायऱ्या. टाकी दीड फुटावर थांबली. सुयश काहीतरी बोलणार होता. मी हात वर केला.

२१ मार्च, शुक्रवार. जागतिक वन दिन.
सोहळा. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस.

साहेब साडेअकराला आले. पारा एक्केचाळीस. स्थानिक परंपरेचा मान म्हणून सांडूकडून घोंगडी घेऊन ठेवली होती, खरी, लोकरीची. ती साहेबांना पांघरली. फोटोग्राफरला फ्रेम मिळेना, त्यामुळे साहेब पंचवीस मिनिटं घोंगडीत. घाम फार आला, पण फोटोत तेज दिसतंय.

वच्छलाबाईचा लाभार्थी म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार. दोन शब्द बोला म्हटलं तर माइक हातात घेऊन म्हणाली, गेटची चावी द्या. मी टाळ्या सुरू केल्या.

साहेबांनी पहिलं रोप लावलं. ते वळले तेवढ्यात उघड्या गेटमधून एक मेंढी आली आणि रोप खाल्लं. फोटो खाण्याच्या आधीचा आहे. सगळं व्यवस्थित.

साहेब गाडीत बसताना म्हणाले, बघू या. माझ्या मते केबिन पक्की.

३१ मार्च.
सगळा निधी खर्च. शंभर टक्के! सतरा वर्षांत काट्यावर असा आकडा कधी लागला नाही. शरयूला म्हटलं, केबिनसाठी कुंडी घेऊ. ती म्हणाली, आधी तिकडची झाडं बघ.

४ एप्रिल.
टँकर बंद. टँकर मागच्या वर्षीच्या बजेटमधला. नवीन वर्षाची मंजुरी जूनच्या मीटिंगमध्ये. तोपर्यंत रोपांनी थोडं सहकार्य करावं.

१६ एप्रिल.
पाहणी. रोपं सुप्तावस्थेत आहेत. सरपंच वाळली म्हणतात. दृष्टिकोनाचा फरक.

गंभीर बाब वेगळीच. कुंपणाबाहेरच्या आपल्या टाकीत मेंढरं पाणी पीत होती! दीड फुटाची असल्याने त्यांची तोंडं बरोबर पोचतात. सांडूने कोणाची तरी मोटर आणि पाइप उसना आणून विहिरीचं पाणी नाल्यावरून टाकीत सोडलंय. गावातली बाकीची मेंढरं, शेळ्या, दोन म्हशी, सगळ्यांची रांग. वच्छलाबाई कडेला निवांत बसलेली. मला बघून म्हणाली, साहेब, हौद लई बराबर उंचीचा बांधला तुमी, देव भलं करो. मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं की हा हौद नाही, ही हरित संकल्पाची पूरक जलसाठवण व्यवस्था आहे. ती म्हणाली, हौ, तेच.

सरपंचांना लेखी पत्र दिलं: जनावरांना सदर टाकीपासून तात्काळ दूर ठेवावे. सही, शिक्का, प्रत फाइलला.

२५ एप्रिल.
पुण्याहून तपासणीच्या मॅडम २ मेला येणार. इम्पॅक्ट बघायला. इम्पॅक्ट हवाच असेल तर दिसला पाहिजे. हिरवी शेडनेट जाळी उधारीवर मागवली, तीन एकर. रोपांवर अंथरली. ड्रोनमधून बघितलं तर काश्मीर.

चालण्याचा संकल्प १ मेपासून नव्याने.

२ मे, शुक्रवार.
मॅडम आल्या. ड्रोनचे फोटो न बघताच चालत निघाल्या. यांना टेक्नॉलॉजीचं वावडं असतं. शेडनेट उचलून उचलून बघितलं. अकराशे अकरापैकी नऊ जिवंत. नऊही टाकीजवळची, मेंढरं पाणी सांडतात तिथली. म्हटलं, म्हणजे जगण्याची क्षमता सिद्ध झाली.

मग त्या टाकीच्या काठावर वच्छलाबाईशी अर्धा तास बोलत बसल्या. मला काळजी वाटली. या वयाच्या बाईला नीट मांडता येत नाही, सगळी बदनामी होईल. म्हणून मध्ये जाऊन खुलासा केला: मॅडम, या पाणी पिण्याशी कंपनीचा, विशेषतः माझा, काडीचाही संबंध नाही. उंची विटा कमी पडल्यामुळे चुकली. मी बंदीचं पत्रही दिलंय. मॅडमनी पत्राची प्रत मागितली. मी दोन दिल्या. एका प्रतीवर माझं नाव ठळक केलं.

जाताना त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. छाप पडली.

१९ मे, सोमवार. दुपारी ४.
रिपोर्ट आला. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचला. वृक्षारोपण: निष्फळ. कुंपण: हानिकारक, काढावे. टाकी: अत्यंत उपयुक्त, गावाने स्वतः चालवलेली, कंपनीच्या पाच वर्षांतल्या कामांत हे एकच काम रोज वापरात. असे हौद आणखी दहा गावांत बांधण्याची शिफारस.

साहेब खूश. म्हणाले, हौदाची कल्पना कोणाची? मी उभा राहिलो. साहेबांनी माझं पत्र वर धरलं. शिक्का लांबूनही स्पष्ट वाचता येत होता.

सुयश म्हणाला, सर, कल्पना वच्छलाबाईंची, फेब्रुवारीतली, वहीत नोंद आहे.

सुयश सीएसआर हेड. मी काट्यावर. तात्पुरता असणार. असं कुणी म्हणालं नाही, पण सूर तसा होता.

२० मे.
शरयूने पोहे केले, वर खोबरं भुरभुरून. आज मंगळवार, एरवी तिचे पोहे फक्त रविवारी. दोनदा मागून घेतले. खोबऱ्यामुळे.

३ जून, मंगळवार.
दोन आठवडे काट्यावर. इथे एक बरं आहे, इंग्रजी लागत नाही.

९ जून, सोमवार. संध्याकाळी ६.
दुपारी भोकरदनकडच्या भंगारवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो आला. वर एकच माल, दुमडलेला. मी गाडीचा नंबर टिपत होतो, तेवढ्यात मालाच्या टोकाला चार इंची अक्षरं दिसली: 'लचंद्र देऊळगा'.

पुढच्या सीटवरून वच्छलाबाई उतरल्या. भंगारवाला मापात मारतो, पैसे कंपनीच्या पावतीवरच घ्यायचे, म्हणून स्वतः गाडीत बसून आल्या होत्या, केदारखेड्याहून. मला बघून डोक्यावरचा पदर सावरला. म्हणाल्या, साहेब, तुमी इथं? म्हटलं, तात्पुरता. म्हणाल्या, वादळ आल्तं मोठं, बोर्ड पडला, ग्रामपंचायतीनं ठराव केला की इकून टाका. उसना पाइप मालकानं परत मागितला, आठ दिवसांपासून हौद कोरडा हाय. याच्यात आमचा सोताचा पाइप येईल का, तेवढं सांगा.

चौथऱ्याचं काय, विचारलं. म्हणाल्या, त्याच्या विटा निघाल्या बराबर. पोरांनी दुसरा हौद बांधायला घेतलाय, शेळ्यांचा. तुमची झाडं हायेत अजून, नऊ. त्याच्याकडं म्या पाहून राह्यले.

गाडी काट्यावर घेतली. भरली, रिकामी, वजाबाकी. एकशे चाळीस किलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावाचं वजन कळलं, आणि त्यात साहेबांचा फोटो धरलेला आहे.

भंगारवाला म्हणाला, गंज आणि पायाला चिकटलेलं सिमेंट, दहा किलो कापणार ना साहेब, नियम हाय. नियम आहेच. सतरा वर्षं मी कापत आलोय, कुणासाठी सोडलं नाही. वच्छलाबाई काट्याच्या आकड्याकडे बघत उभ्या होत्या, मग मलाच विचारलं, किती झाले? त्यांना वाचता येत नाही हे मला तेव्हा कळलं. फेब्रुवारीत काच खाली करून विचारायचं राहून गेलं होतं.

पावतीवर एकशे चाळीसच लिहिले. मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा.

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी त्यांची गाडी पुढे काढायला सांगितली.