कोणते वानखडे?

३ जून
ठरलं! आमच्या वरच्या तीन खोल्या म्हणजे आजपासून ‘बिनआडनावी घर’. मुलं-मुली, सगळ्या जातींचे, एकच चूल. आडनाव जिन्याखाली सोडून यायचं. अख्ख्या वलगावात हे कोणी केलेलं नाही. घर बाबांच्या नावावर आहे, पण हा टेक्निकल मुद्दा झाला. त्यांना सांगतो सावकाश.

५ जून
पहिली मेंबर मिळाली. माधवी. मूळची धारणीची, आता इथून जवळच अमरावतीत बँकेत लागली. चार घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग ‘कोणते?’ विचारलं, मग म्हणे खोलीला रंग द्यायचाय. सध्या मैत्रिणीकडे जमिनीवर झोपते, चौदा तारखेला तिथूनही निघायचंय. मी शब्द दिला. (ती बौद्ध, आम्ही माळी. हे शेवटचं लिहितो. नियम म्हणजे नियम.)

८ जून
बाबांना सांगणार होतो. मळ्यातला मोगरा काळा पडलाय, त्यांचा मूड नाही.

११ जून
जेवताना सुरुवात केली. बाबांनी विचारलं, असं तोंड काहून केलं, भाजीत मीठ कमी हाये का? विषय मिठावर गेला. यात माझा काय दोष?

१३ जून
उद्या माधवी येतेय. पण मास्टरप्लॅन सुचला! तीही वानखडे, आम्हीही वानखडे. बाबा पुढे विचारणारच नाहीत.

१४ जून
माधवी ऑटोतून उतरली. काखेत गादी, हातात कुकर. बाबा ओट्यावरच. मी घाईघाईने सांगितलं, वरच्या खोलीत राहायला आली, वानखडे आहे. बाबा खूश झाले. मग म्हणाले, “कोणते वानखडे?”

शेजारचे नत्थुजी दात घासायचे थांबले. मी म्हणालो, “आपल्यातलेच.”

ही स्ट्रॅटेजी होती. एकदा आत आली की मग हळूहळू सांगता आलं असतं.

माधवीने गादी खाली ठेवलीच नाही. “काका, आमी बौद्ध आहो,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “अन् याच्यातली तर मी बिलकुल नाई.”

त्याच ऑटोने परत गेली. फोन उचलत नाही.

१५ जून
माधवीने फार घाई केली. चळवळी अशाच मोडतात.

बाबा आत्ता चहा पिताना बोलले, “मी हो म्हणलं असतं का नाई, मलेच मालूम नाई. पण तू मले इचारलंच नाई ना.”

त्यांची मानसिकता बदलायला वेळ लागेल. तोवर माधवी कुठे झोपणार, ते काही सुचत नाहीये.