आमची सिस्टीम रोज वापरणारा माणूस

३ मार्च
कंपनीला दहा वर्षं झाली. केक आणला नाही, दोघंच उरलोय, मी आणि भागीदार. सुरुवातीला सात होतो. माणसं कमी झाली की निर्णय झटपट होतात. संकल्प: सहावी आवृत्ती मेअखेर. जन्मात माउस न धरलेल्यालाही पाच मिनिटांत जमेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम.

५ मार्च
भागीदार म्हणतो, प्रिंटर चालत नाही, आधी ते बघू. म्हटलं, नवशिका माणूस प्रिंट काढत नाही. स्वागताच्या पानाचा निळा रंग बदलला. दिवस सार्थकी.

१९ मार्च, सकाळी ११
वाचनालयाच्या बाई भेटल्या. बारा कॉम्प्युटर. आमची सिस्टीम घेतली तर कंपनी तरली, नाहीतर भागीदार नोकरी धरणार. त्याने हे न चिडता सांगितलं. मला काहीच वाटलं नाही. वाटेल नंतर.
बाईंची अट एकच: सिस्टीम रोज वापरणारा एक माणूस ३१ तारखेला आणा, मला त्याच्याशी बोलायचंय. म्हटलं, एक कशाला, रांग लावतो.

२० मार्च
रांगेची यादी.
मावशी: कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते सापडेना, म्हणून प्लगच उपटला. (बंद करायचं बटण मी काढून टाकलंय. नवशिके चुकून दाबतात.)
मोठा भाऊ: शिकला आणि दुसऱ्या सिस्टीमवर गेला. हे आमचंच यश.
दातांचे डॉक्टर: फोन उचलत नाहीत.
सासरे: तीन वर्षं, रोज. एकच, पण खणखणीत.

२४ मार्च
बायको म्हणाली, बाबांना कशाला नेताय, गुडघे दुखतात त्यांचे. म्हटलं, गाडीने नेतो. मग म्हणाली, त्यांना चारचौघांत बोलता येत नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. हिला माझं भलं बघवत नाही.

३० मार्च, दुपारी ४
रंगीत तालमीला सासऱ्यांकडे. स्क्रीनवर आमच्याच सिस्टीमचं तळ्याचं चित्र. बरं वाटलं.
सासऱ्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, जावईबापू, येतो मी, पण तिथे खोटं बोलायला जमणार नाही. दोन वर्षांपूर्वीच दुसरी सिस्टीम टाकून घेतली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून चित्र तेवढं ठेवलं.
ती दुसरी कोणी टाकून दिली, विचारलं. तुमच्या भागीदाराने, म्हणाले. तेव्हा एका रविवारी आला होता, भला माणूस आहे.
लाज वाटायला हवी होती. बिस्किटं खाल्ली दोन.

३१ मार्च
वाचनालयात गेलो नाही. भागीदाराने बाईंना फोन करून नाही कळवलं. सोमवारपासून तो नोकरीवर.
टेबल आवरून झाल्यावर त्याने विचारलं, सहावी आवृत्ती जेवढी झालीय तेवढी निदान तुझ्या कॉम्प्युटरवर टाकून देऊ का, आठवण म्हणून.
म्हटलं, नको, त्यावर माझी कामं असतात.
तो बरं म्हणाला.