एका सीटची गाडी

वेल्हे,
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय आनंदराव यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र शुक्रवारच्या टपालाने मिळालं. इकडे सर्व खुशाल. तुमच्या आईंचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. आईने त्यांच्यासाठी अडुळशाचा पाला वाळवून ठेवला आहे, कुणी भोरला येणारं भेटलं की पाठवते. माझ्या शाळेत वार्षिक परीक्षेची गडबड सुरू झाली आहे. नववीच्या मुलींना घरचे मधूनच शेतावर नेतात, मग मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन भांडते. त्यांचे आईबाप मला चहा देतात आणि मुलगी मात्र देत नाहीत.

गाडीचं विचारलं आहे म्हणून लिहिते. धरणाच्या कामावरच्या ओव्हरसियरांची ती अपघातात दुमडलेली फटफटी बाबांनी आणली, तेव्हा आई म्हणाली होती, "ही सोयरीक हाय का भंगार?" आता ती ओळखू येत नाही. टाकी पत्रा ठोकून, तुम्ही दाखवलेल्या फोटोतल्यासारखी लांबट केली आहे. पाणी भरून ठेवून पाहिलं, गळत नाही. पाय ठेवायच्या दांड्या मागे घेतल्या. विलायतेतली पोरं अशा गाड्यांवरून एका चहाच्या हॉटेलापासून दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावतात, हे तुम्ही सांगितलेलं बाबांना अजून पटलेलं नाही. "चहा प्यायला येवढी घाई?" म्हणतात. आणि खाली वाकवलेलं हँडल पाहून, "ह्याच्यावर बसायचं का रांगायचं?"

हँडल झालं आहे. त्यात थोडी गडबड झाली, पण झालं. बाबांना सध्या लिहायला सवड नाही, म्हणून त्यांच्या वतीने मीच लिहिते आहे.

राहिली सीट. मागची सीट ताबडतोब काढावी, तिने गाडीची ऐट जाते, फोटोत एकच सीट आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती बाबांनी फोटोत नसताना स्वतःच्या डोक्याने केली होती. आत काथ्या भरला होता, वर रेक्झिन शिवलं होतं. "पोरगी हितं बसंल," म्हणत थोपटून दाखवली होती. काल काढली.

मग मी कुठं बसायचं, ते पत्रात नाही. घाईत राहून गेलं असेल.

तुमची,
अनुसया


वेल्हे,
१९ मार्च १९७४

आनंदराव यांस,
जयभीम.

परवा तुम्ही आणि तुमच्या आई धोंडाबाई येऊन गेलात. मला जे बोलायचं होतं ते राहिलं, कारण आईने मला चुलीपाशी अडवून ठेवलं होतं. "जावई हायेत ते, तोंड आवर," असं चालू होतं. कागदावर मला कुणी अडवत नाही.

सीटचं मी विचारलंच. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "एस. टी. आहे की." धोंडाबाई म्हणाल्या, "बायामान्साला फटफटी कशाला? पदर चाकात गेला म्हंजी?" बाबासुद्धा हसले. त्यांना हसावं लागतं.

मग तुम्ही टाकीवरून बोट फिरवलंत. "मामा, इथं ठोक दिसतात. पॉलिश कमी पडलंय." बाबा म्हणाले, "व्हय व्हय, करतो." ते सबंध वेळ उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून उभे होते. तुम्ही तासभर गाडीभोवती फिरलात. टॉवेल कशाला, हे विचारलं नाहीत.

मागच्या पत्रात मी 'थोडी गडबड' असं लिहिलं. बाबांनी तसंच लिहायला लावलं होतं. "कळवू नगं, त्यांच्या जिवाला घोर लागंल." तुमच्या जिवाला घोर लागतो की नाही हे मला आता पाहायचं आहे, म्हणून सांगते.

पाइप वाकवायचा तर त्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं लाकडी बूच ठोकून बंद करतात आणि पाइप भट्टीत लाल करतात. वाळूमुळे तो वाकताना चेपत नाही. पण वाळू खडखडीत कोरडी लागते. आम्ही नदीवरून आणून अंगणात पसरली होती. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, की महिनाअखेरीच्या मिरवणुकीला गाडी भोरात दिसली पाहिजे, निदान हँडल तरी लवकर होऊ दे. बाबांनी वाळू तळहातावर चोळून पाहिली आणि म्हणाले, "वरनं तर सुकलीया." आतून ओली होती. भट्टीत तिची वाफ झाली, बूच उडालं, आणि लाल झालेली वाळू त्यांच्या उजव्या हातावर आली. मी भाता ओढत होते. कातडीचा वास अजून भट्टीवरच्या छपरात आहे, किंवा मला तसं वाटतं.

धरणावर असताना त्यांनी असे पाइप कितीतरी वाकवले. ओली वाळू भरणाऱ्या पोरांना ते शिव्या द्यायचे. म्हणजे चूक त्यांची. घाई तुमची.

दोन बोटं आता मिटत नाहीत. दुसरं हँडल मी सांडशीने धरलं आणि त्यांनी डाव्या हाताने वाकवलं. टाकी त्यानंतरची. तुम्ही बोट फिरवून दाखवलेत ते ठोक डाव्या हाताचे आहेत.

मी कॉलेजात असताना भोरला तुमचं भाषण ऐकलं होतं. "हुंडा मागणारा नवरा दारातून परत पाठवा," असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही मुलींनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. सुपारीच्या दिवशीही तुम्ही सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणालात, हुंडा नको. मला इतका अभिमान वाटला की मी आत जाऊन रडले. बाहेर आले तोवर धोंडाबाई बोलून गेल्या होत्या, "बाकी तुमची हौस," आणि तुमच्या हातात तो मासिकातला फोटो होता. बाबा तो उजेडात धरून बघत होते.

परवा धोंडाबाई म्हणाल्याच, "आमी काय मागितलं व्हय? पोराला फोटू आवाडला, यवढंच." खरं आहे. तुम्ही मागितलं नाहीत. नुसता फोटो दाखवलात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी बी. ए. झालंय, आणि त्या बी. ए. ला जोडीचा नवरा कुठून आणू म्हणून जो झोपत नाही, अशा माणसाला तुम्ही फोटो दाखवलात.

एक करा. वेल्ह्याला या, बाबांच्या समोर बसा आणि म्हणा, "मामा, ही गाडी मला नको." एवढंच. मग मी जन्मभर एस. टी. ने फिरेन आणि तुमच्या प्रत्येक भाषणाला येईन.

अनुसया


वेल्हे,
२१ एप्रिल १९७४

आनंदराव,

तुम्ही आला नाहीत. पत्र आलं. बाबांना नाही, मला.

लोकांत चर्चा नको, असं लिहिता. गाडी तिकडेच राहू दे, असं लिहिता. आणि मग, "मी तुला तशीच करून घ्यायला तयार आहे."

आईला वाचून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला. "बघ, किती मोठं मन! तशीच करून घेतो म्हन्तोय." बाबांनीही गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवून घेतलं. त्या दोघांचा आनंद पाहत मी त्या एका शब्दावर अडले.

तशीच म्हणजे कशी? हात हलवत आलेली? मोठ्या मनाने पदरात घेतलेली? उद्या तुमच्या घरात भाजीत मीठ जास्त पडलं तर धोंडाबाई म्हणणार, तशीच करून घेतली हो आम्ही. आणि तुम्ही, हुंडा न घेतलेला नवरा म्हणून, व्यासपीठावरून माझ्याकडे हात करणार. गाडी घेतली असतीत तर निदान हिशेब उघडा राहिला असता. आता तुम्ही उपकार करताय. ते फेडता फेडता मी म्हातारी होईन.

पूर्ण पत्रात बाबांच्या हाताबद्दल एक ओळ नाही. मी उलटून, उजेडात धरून, दोनदा पाहिलं.

वैशाखी पौर्णिमेला लग्न होणार नाही. हे मी घरात सांगितलं तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली. बाबा म्हणाले, "शिकवलं ते हेच्यासाठी व्हय? माजा हात ग्येला, आता नाक बी ग्येलं." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट मी वाढलं तर उठून जातात. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल, तर वाटू दे. मी चूक केली असं मला वाटत नाही, पण त्यांच्या समोरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करते.

आणखी एक, एकदाच लिहिते. मला तुम्ही आवडत होता. तुमच्या भाषणातली वाक्यं मी वर्गात मुलींना माझी म्हणून सांगत होते. ती वाक्यं मी परत करणार नाही. ती तुमच्यापेक्षा चांगली आहेत.

गाडीचं तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं असेलच. उजव्या मुठीनेच ती पळते आणि थांबते, बाबांची मूठ वळत नाही, म्हणून चालवून पाहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आलं. पदर चाकात जात नाही. आईचं लुगडं नेसते, कासोटा घट्ट मारला की झालं. बाजारातला सर्जेराव शिंपी रोज ओरडतो, "बाई, शाळा पळून चालली व्हय?" पहिल्या दिवशी मी त्याच्या दुकानासमोरच आडवी झाले होते. त्यानेच गाडी उचलली आणि वर म्हणाला, "रांगाया तरी शिका आदी."

उद्या बाबांना हात दाखवायला भोरच्या दवाखान्यात न्यायचं आहे. एस. टी. त चेंगराचेंगरीत त्यांच्या हाताला धक्के बसतात, म्हणून आईने हट्ट धरला, गाडीवरूनच ने. मागे पोत्याची घडी बांधली आहे. सगळं ठरेपर्यंत बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेवटी भिंतीलाच म्हणाले, "उतारावर हळू हाण म्हनावं तिला." महिन्याभरात माझ्यासाठी एवढंच.

रस्ता तुमच्या दारावरून जातो. गाडीचा आवाज मोठा आहे, तुम्हाला घरात ऐकू येईल. तुम्ही बाहेर आलात तर बाबा मला थांबायला लावतील, आणि डाव्या हाताने तुम्हाला जयभीम घालतील. माझ्यावर नाही, निदान त्यांच्यावर दया करा. दार लावून घ्या.

अनुसया कोंडिबा रणपिसे