नीट म्हणजे कसं

बोईसर, रविवार

तीर्थरूप कमलाकांतमामांस समिधाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माहीमच्या वाडीतल्या पानवेली कशा आहेत? (मामींची प्रकृती विचारत नाही, त्या विचारू देत नाहीत.)

मी आणि माझा भागीदार दर्पण सात वर्षं एमआयडीसीतल्या गाळ्यात पेशी आकाराप्रमाणे वेगळ्या करणारं यंत्र बनवतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (एका परदेशी यंत्राच्या किमतीत आमची वीस येतात.) आता एक निधी निघालाय, नव्या शोधाला नव्हे, तर लागलेला शोध निर्दोष करून इतर प्रयोगशाळांपर्यंत पोचवायला. गेल्या महिन्यात त्यांची समिती आली. यंत्र सुरू केलं आणि ते थांबलं. मी सवयीने डाव्या अंगाला थाप मारली, लगेच चाललं. मला अभिमानच वाटला. समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ही थाप पुस्तिकेत कितव्या पानावर आहे?" दर्पण छताकडे पाहत राहिला.

अट अशी पडली की आमच्यापैकी कुणी जवळ नसताना, यंत्राला कधी हात न लावलेल्या दोघांनी नुसती पुस्तिका वाचून ते चालवलं, तरच निधी (अडले तर पुस्तिका सुधारून त्यांनाच पुन्हा बसवता येतं). आम्ही यंत्र उघडलं. आत एक तार सैल होती (सात वर्षं थापा मारल्या, पण उघडून पाहिलं नव्हतं). ती पक्की करून यंत्र सफाळ्याच्या कॉलेजात नेलं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस पुष्पलताबाई आत, मी फाटकाबाहेर. दोन तासांनी बाई बाहेर आल्या.

"तुमी लिवलंय, नळी नीट बसवा. नीट म्हंजे कशी, ते नाय लिवलं."

आधी रागच आला. परतताना वाटलं, ते 'नीट' फक्त माझ्या बोटांना माहीत आहे. उद्या मी नसले तर यंत्र म्हणजे नुसतं खोकं. मग चार दिवस बसून पुस्तिका पुन्हा लिहिली: 'टक् आवाज येईपर्यंत नळी आत ढकला.' गुरुवारी पुष्पलताबाईंनी एकटीने यंत्र चालवलं. पुस्तिकेवर आता त्यांचंही नाव आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
समिधा

ता. क. अटीतल्या दोघांपैकी दुसरी व्यक्ती तुमच्या घरची हवी आहे. (नातेवाईक चालतो, विचारून घेतलंय.) दर्पण बुधवारी यंत्र आणून ठेवेल. रक्त वगैरे काही नाही, यीस्ट कालवलेलं पाणी घालायचं.

ता. क. दुसरा. राग मानू नका, पण यंत्र मामींनी चालवायचंय. तुम्ही आधी माझं शुद्धलेखन तपासाल आणि माझं चुकलं असेल तिथे मनानेच बरोबर वाचाल. मामी अडतील. त्या अडल्या तर चूक पुस्तिकेची, त्यांची नव्हे. हे त्यांना चाळीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही सांगा.