झिपऱ्याच्या चाहत्यांची एकमुखी मागणी

३ जानेवारी, सकाळी ७
पेपरात बातमी. झिपऱ्यावर नवा सिनेमा येतोय. चाहत्यांना काय हवंय ते त्यांनी कळवावं, असं दिग्दर्शिकाबाईंचं आवाहन. म्हणजे मीच कळवायचं. वनपुरुष अभ्यास मंडळाचा एकोणीस वर्षं अध्यक्ष कोण आहे? (सभासद अकरा, ही धरून. हिला विचारलं नव्हतं. पण तिनं नाहीही म्हटलेलं नाही.)
जंगलातल्या त्या साडेआठ फुटी केसाळ जीवाची आजवर सात सिनेमांनी माती केली. एकात तो नाचला. एकात त्याला जुळा भाऊ निघाला. आता बास.
मी त्याला वनपुरुष म्हणतो. लोक झिपऱ्या म्हणतात. लोकांना शिस्त नाही.
संकल्प: महिनाअखेर शंभर चाहत्यांची मतं गोळा करणे. रोज पाचला उठून काम.

४ जानेवारी, सकाळी ८.४०
थंडी फार.

७ जानेवारी
प्रश्नावली तयार. प्रश्न चौसष्ट. ही छापखान्यात प्रुफं तपासते, म्हणून सहज दाखवली. तिनं हिरव्या पेनानं एकोणतीस चुका काढल्या आणि म्हणाली, अहो, इतकं कोण भरणार? एकच विचारा, झिपऱ्या भेटला तर काय कराल? मी हसलो. अभ्यास म्हणजे काय हे घरात बसून कळत नाही. (ती घरात बसत नाही हे खरं. पण मुद्दा तो नाही.)

११ जानेवारी
दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर काढता काढता प्रश्नावली दिली. एका आजोबांना तक्त्यावरची अक्षरं वाचा म्हटलं, तर ते प्रश्न क्र. १७ मोठ्यानं वाचू लागले: 'वनपुरुष पूर्ण दिसावा, अर्धा दिसावा, की दिसूच नये?' मालक केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, इथे लोक दिसावं म्हणून येतात. मालकांना कलेत गती नाही.

२० जानेवारी
माझी भूमिका स्पष्ट आहे. वनपुरुष सिनेमात दिसता कामा नये. अडीच तास फक्त फांदी हलावी. शेवटी दुसरी फांदी. खऱ्या चाहत्याला हेच हवंय.

३१ जानेवारी, संध्याकाळी ६
आलेली उत्तरं: सहा. शंभराला चौऱ्याण्णव कमी, पण दर्जा पाहावा लागतो. त्यातही दर्जा नाही. आमचे वनरक्षककाका पस्तीस वर्षं जंगलात नोकरी करून रिटायर झाले. चौसष्ट प्रश्नांवर त्यांनी आडवी रेघ मारून लिहिलंय, 'पायाचे ठसे तेवढे नीट काढा. प्रत्येक सिनेमात दोन्ही पाय डावेच असतात.' दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याचं चित्र काढून पाठवलं. पाला खाणाऱ्याला सुळे कशाला, म्हणे. एका निनावी कागदावर फक्त शेवटच्या प्रश्नाखाली काहीतरी लांबलचक लिहिलंय. वाचायला वेळ नव्हता.

४ फेब्रुवारी
मंडळाची सभा आमच्या बैठकीत. 'झिपऱ्या स्वच्छ दिसावा' या बाजूनं नऊ मतं. फांदीच्या बाजूनं एक, माझं. ही चहा आणायला आत गेली ती मतदान संपल्यावरच बाहेर आली. काका म्हणाले, अध्यक्ष, तिकीट काढून झाडं बघायची तर माझी नोकरी काय वाईट होती? सगळे हसले. इतिवृत्तात नोंद केली: सभासद विचार करत आहेत.

१२ फेब्रुवारी
अहवाल पोस्टात टाकला. पानं अडतीस. पहिल्याच ओळीत 'लाखो चाहत्यांची एकमुखी मागणी'. फांदी कुठली, वारा कुठून, सगळं आकृत्यांसह. वजन भरावं म्हणून मागे परिशिष्टात ती सहा उत्तरं जोडली.

९ मार्च, रात्री ९.३०
उत्तर आलं! दिग्दर्शिकाबाईंनी स्वतः लिहिलंय. 'तुमचं परिशिष्ट सगळ्या युनिटनं वाचलं.' अहवालाचा उल्लेख नाही. त्यावर बोलायला शब्द कमी पडले असणार. ठशांवाले, दातांवाल्या आणि शेवटच्या प्रश्नाला हिरव्या शाईत उत्तर देणारी व्यक्ती, या तिघांना सेटवर बोलावलंय.
हिरवी शाई कोणाची याचा दुपारभर तपास केला. सभासदांना फोन केले. संध्याकाळी ही घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, माझी.

१० मार्च
अहवालाच्या माझ्या प्रतीत तिचं उत्तर वाचलं. उतरवून ठेवतो, अभ्यासासाठी:
'त्याला सगळे शोधतात, मोजतात, त्याच्यावर बोलतात. मला वाटतं तो घाबरून लपत नाही. कंटाळून लपतो. सिनेमात एकदा तरी कोणीतरी त्याच्या शेजारी गप्प बसावं. मला तेवढंच पाहायचंय.'
शास्त्रीय आधार शून्य. तरी रात्रीच्या जेवणाला तिला विचारलं, हे तुला कसं सुचलं? म्हणाली, असंच. मग मी तिला वनपुरुषाच्या लपण्यामागची पाच कारणं सांगितली. चौथ्या कारणाला ती ताटं उचलून आत गेली.

१८ एप्रिल
सेटवर गेलो. पत्रात 'सोबत एकाला आणू शकता' असं होतं. तो एक मी.
वनपुरुषाचं काम करणारा एक शांत, उंच गृहस्थ, पूर्वी शाळेत पीटी शिकवायचा. केसाळ अंगरखा कमरेपर्यंत उतरवून पंख्यासमोर केळं खात बसला होता. त्याला मी वनपुरुषाच्या चालीबद्दल सव्वा तास सांगितलं. तो फक्त मान हलवत होता. चांगला श्रोता. नंतर कळलं, त्याच्या कानांत कापसाचे बोळे होते. मुखवटा कानांना टोचतो म्हणून.
मग चाल करूनच दाखवली. गुडघे वाकवून, हात लोंबते ठेवून, चिखलातून बावीस पावलं. मागून काकांची किंकाळी ऐकू आली. त्या चिखलात त्यांनी सकाळपासून सात तास खपून ठसे काढले होते. एक डावा, एक उजवा. आता सगळीकडे माझे बूट. दिग्दर्शिकाबाईंनी मला खुर्ची दिली. खुर्ची गेटच्या बाहेर होती.
ही चार तास आत होती. परतताना बसमध्ये विचारलं, काय बोललात एवढं? म्हणाली, फार नाही. आम्ही नुसत्या बसलो होतो.
संकल्प: ठरलं. सिनेमावर बहिष्कार.

१४ नोव्हेंबर
सिनेमा आज लागला. बहिष्कार टाकायचा तर आधी जाऊन बसावं लागतं, म्हणून गेलो. झिपऱ्या स्वच्छ दिसला की त्याच क्षणी निषेध म्हणून उठून निघायचं, असं ठरवलं होतं.
अकराव्या मिनिटाला दिसला. भर उन्हात, अख्खा, दातांसकट. मी उठलो. मागून तीन आवाज आले, अहो, बसा ना खाली! दाराकडे जायचं तर नऊ जणांचे गुडघे ओलांडायचे. बसलो.
मग तो प्रसंग. एक बाई अंगणात मटार सोलत बसलेली. तो येतो. ती बघते. तो बसतो. ती थोड्या शेंगा त्याच्याकडे सरकवते. बस्स. दोघं सोलत राहतात. एक शब्द नाही. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी घड्याळ लावलं होतं. सात मिनिटं.
हिच्याकडे बघितलं. ती रडत होती. बावीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलेलं नाही. निदान माझं लक्ष गेलेलं नाही. या प्रसंगात कुठे चूक आहे ते तिला सांगायला वाकलो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. प्रेमानं असेल असं वाटलं. पण हात दाबलेला होता, जोरात, सिनेमा संपेपर्यंत.
माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. एसीची धूळ. उद्या दुकानात डोळे तपासून घेणे.

२३ नोव्हेंबर
सिनेमानंतर मंडळात सभासद चाळीस झाले. बैठकीत मावेनात, म्हणून सभा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, तोंड उघडायच्या खुर्चीभोवती. ठराव: डिसेंबरात काकांबरोबर सगळ्यांनी जंगलात जायचं. एका नव्या बाईंनी मला विचारलं, अध्यक्ष, तुम्ही जंगलात किती वेळा गेलात?
मी म्हटलं, अभ्यास आणि पर्यटन यांत फरक आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे किती वेळा? काका छताकडे बघू लागले. ही माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.
जळवा असतात. शिवाय माझी पाठ दुखते.

२४ नोव्हेंबर
मी जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. वनपुरुषाच्या खासगी आयुष्याचा मान कोणीतरी राखायला हवा. हिला सांगितलं. मला वाटलं, तीही राहील. तिनं विचारलं, मोठी बॅग माळ्यावर आहे ना?

१२ डिसेंबर, सकाळी ६
गेले. बसभर लोक. स्टॉपपर्यंत बॅग मी पोचवली. नव्या अध्यक्षांची बॅग उचलणं हे माजी अध्यक्षाचं कर्तव्यच आहे. (हिची निवड एकमतानं झाली. विरोधी मत मी दिलं होतं, पण ते मोजायच्या आधीच टाळ्या झाल्या.) खिडकीतून ती म्हणाली, अहो, गॅस बंद करत जा. मी तिला घाटातल्या झाडांविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगणार होतो. बस सुटली.

१३ डिसेंबर
घर छान शांत आहे. अहवालाची दुसरी आवृत्ती लिहायला घेतली. दोन ओळी झाल्या.

१५ डिसेंबर, संध्याकाळी ५.२०
हिचा फोन आला. मागे पुष्कळ लोकांचं हसणं. म्हणाली, काहीही दिसलं नाही, फार मजा येतेय, अजून तीन दिवस राहतोय. तुम्ही जेवलात का?
जेवलो म्हटलं. मग मटारच्या प्रसंगाबद्दल बोललो. माझं मत थोडं बदललंय, आणि का बदललंय, ते नीट सुरुवातीपासून सांगितलं. आधी सिनेमाबद्दल, मग सेटवरच्या दिवसाबद्दल, मग आमच्या दोघांबद्दलही जरासं. असं मी आजवर कधी बोललो नव्हतो. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. बरं वाटलं.
एकूण चौदा मिनिटं बोललो. शेवटी 'काय म्हणतेस?' म्हणून फोन कानापासून काढून बघितला. कॉलची वेळ एक मिनिट सहा सेकंद.
तिथे रेंज नसते, असं काका म्हणायचे.